मध्यम आणि स्पष्ट : हौशी रेडिओवाल्यांच्या उपग्रह-पंचांगाची चिकित्सा

शके १९४४ चा पहिला दिवस. २ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. सकाळी रीतीप्रमाणे पंचांगाची पूजा झाली, संवत्सरफल वाचून झाले, संध्याकाळी गुढी उतरवली. पावणेआठच्या सुमारास मी यवतमाळातल्या घराच्या गच्चीवर होतो. वायव्येकडून आगीच्या रेघा निघाल्या आणि एकामागे एक, रांगेने, आग्नेयेकडे सरकत गेल्या. उल्का इतकी सावकाश जात नाही, एवढे मला कळत होते. खालच्या अंगणातून शेजाऱ्यांनी हाक दिली, “काऊन भाऊ, तुमच्या कम्प्युटरात हे दिसून राह्यलं का?”

मी खाली येऊन पाहिले. पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि त्यावर डझनभर उपग्रहांची वर्तुळे नेहमीच्या संथपणे सरकत होती. यवतमाळवर काहीच नव्हते. पुढचा उपग्रह केव्हा उगवणार, त्याची वेळ मात्र सेकंदासकट लिहिलेली होती.

त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. नंतरच्या दिवसांत आसपासच्या भागात धातूचे गोळेही मिळाले. सुरुवातीला त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या एका रॉकेटचे नाव घेतले गेले. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने मात्र हे फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असल्याचा निष्कर्ष मांडला, आणि पुढे तोच ग्राह्य धरला गेला. लाडबोरी यवतमाळपासून सरळ रेषेत दीडशे-एकशेसाठ किलोमीटर असेल. कक्षेतल्या वेगाने हे अंतर अर्ध्या मिनिटाच्या आत कापले जाते.

शेजाऱ्यांना मी त्या रात्री “नाही दिसलं” एवढेच सांगितले. ते का दिसले नाही, आणि न दिसण्यात दोष कोणाचा, याचे उत्तर देण्याचा प्रयत्न या लेखात आहे. माझा पोटापाण्याचा धंदा जिनिंग फॅक्टरीतले हिशेब लिहिण्याचा. पंचांगगणिताचा इतिहास ही वीस-बावीस वर्षांची हौस. हौशी केंद्रचालकाचा रेडिओ परवाना तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर काढला. या दोन छंदांची गाठ पडल्यामुळे उपग्रहांचा माग काढणारे प्रोग्राम मी यंत्र म्हणून न वापरता करणग्रंथ म्हणून वाचत आलो. करणग्रंथ म्हणजे मूळ सिद्धांताची लांबलचक गणिते टाळून, एका ठरावीक दिवसापासून ग्रहांची स्थाने झटपट काढून देणारे पुस्तक. ज्याला ग्रंथ म्हणून वाचता येते त्याची समीक्षाही करता येते, असे मी धरून चालतो.

हौशी रेडिओवाल्याला असे गणित लागते कशासाठी? हौशी मंडळींचा पहिला उपग्रह, ‘ऑस्कर १’, १२ डिसेंबर १९६१ रोजी उडाला. तो मोर्स लिपीत ‘हाय’ एवढेच म्हणत होता, आणि आतले तापमान बदलले की म्हणण्याची गती बदलत होती. पुढे बोलणे परतवून पाठवणारे उपग्रह आले. आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी ‘हॅमसॅट’ सोडला. त्यावर एक यंत्रणा भारतीय बनावटीची आणि दुसरी एका डच विद्यार्थ्याने केलेली होती. असा उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात अँटेना त्याच्याकडे वळवायची आणि रेडिओचा काटाही सरकवत राहायचा, कारण उपग्रह जवळ येताना त्याची लहरसंख्या चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरती. १४५ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ, ४३५ वर सुमारे दहा. उदय, अस्त, दिशा, उन्नतांश आणि हा चढउतार, ही या पंचांगाची पाच अंगे म्हणायला हरकत नाही.

घरोघरी संगणक नव्हते तेव्हा अमेरिकेतले हौशी लोक ‘ऑस्करलोकेटर’ नावाचे कागदी साधन वापरत. ध्रुव मध्यभागी ठेवून छापलेला नकाशा, त्यावर फिरवायची पारदर्शक चकती, आणि उपग्रह विषुववृत्त कधी व कोणत्या रेखांशावर ओलांडणार याची यादी. चकती ओलांडण्याच्या जागी लावायची आणि आपल्या गावाभोवतीच्या वर्तुळात मार्ग कुठे शिरतो ते बघायचे. मी पुठ्ठ्यावर आणि एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर एक करून पाहिले आहे. मिनिटभराची चूक सहज होते. पण आपण वापरतो ती यादी कोणत्या दिवसाची, हे विसरता येत नाही, कारण ती हातात असते.

आता प्रोग्रामांच्या पोटात काय आहे ते पाहू. डिसेंबर १९८० मध्ये फेलिक्स हूट्स आणि रोनाल्ड रोरिक यांनी अमेरिकेच्या हवाई संरक्षण यंत्रणेसाठी ‘स्पेसट्रॅक रिपोर्ट क्रमांक ३’ लिहिला. त्यात एसजीपी४ आदी पद्धती समीकरणांसकट आणि फोर्ट्रान भाषेतल्या प्रोग्रामसकट दिल्या आहेत. टी. एस. केल्सो यांनी त्या पास्कल भाषेत आणल्या. सायप्रसच्या निओक्लिस किरियाझिस यांनी पास्कलवरून सी भाषेत. तो सी अवतार अमेरिकेतल्या जॉन मॅग्लियाकेन यांच्या ‘प्रेडिक्ट’मध्ये गेला, आणि ‘प्रेडिक्ट’वरून डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या अलेक्झांड्रू चेते यांनी ‘जीप्रेडिक्ट’ उभारला. तीन भाषा आणि चाळीस वर्षांची ही परंपरा आहे, आणि जवळजवळ सगळी फुकट वाटलेली. आपल्याकडे सिद्धांत, त्यावर टीका, टीकेवरून करण, करणावरून कोष्टके आणि कोष्टकांवरून गावच्या जोशीबुवांचे पंचांग अशी उतरंड होती. ती ज्याने पाहिली आहे त्याला हा वंशवृक्ष ओळखीचा वाटेल.

ओळख इथे संपत नाही. या प्रोग्रामांना खाद्य म्हणून प्रत्येक उपग्रहाच्या दोन ओळी लागतात, प्रत्येकी ६९ अक्षरांच्या. अमेरिकी लष्करी यंत्रणा रडार आणि दुर्बिणींनी निरीक्षण करून त्या काढते, आणि १९८५ पासून केल्सो त्या सर्वांना वाटत आले आहेत. पहिल्या ओळीत वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि वर्षारंभापासून मोजलेला दिवस दशांशात दिलेला असतो. हा आपला अहर्गण. दुसऱ्या ओळीत कक्षेचा कल, पातबिंदू, लंबगोलपणा, दिवसाला किती फेऱ्या वगैरे. हे आपले क्षेपक. गंमत अशी की ही मूल्ये उपग्रहाच्या त्या क्षणाच्या खऱ्या कक्षेची नसतात. पृथ्वीच्या फुगीरपणामुळे होणारे छोटे हेलकावे काढून टाकून उरलेली ती मध्यम मूल्ये असतात. ज्या रीतीने हेलकावे काढले त्याच रीतीने ते परत घातले तरच स्पष्ट स्थान बरोबर येते, असे तो १९८० चा अहवाल बजावतो. मध्यम ग्रह आणि स्पष्ट ग्रह हा भेद आमच्या जोशीबुवांना कोणी शिकवावा लागला नसता. एका करणाचे क्षेपक दुसऱ्याच्या फलसंस्कारात घालायचे नसतात, हेही.

आणि लाघव! कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचले आणि त्यातून ज्या म्हणजे साइनची कोष्टकेच हद्दपार केली. अहर्गण फुगू नये म्हणून अकरा-अकरा वर्षांची चक्रे केली. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे तीनशेहून अधिक वर्षे त्यावर चालली. एसजीपी४ हेही असेच लाघव आहे. हजारो वस्तूंची स्थाने त्या काळच्या संगणकावर वेळेत निघावीत म्हणून अचूकतेचा काही भाग जाणूनबुजून सोडलेला. ताज्या दोन ओळींवरून काढलेले स्थान साधारण किलोमीटरभर चुकते आणि ही चूक दिवसागणिक एक ते तीन किलोमीटरने वाढत जाते. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हे काहीच नाही. पाच दिवस जुन्या ओळींवरसुद्धा माझी मोजपट्टीच्या पात्यांची घरगुती अँटेना बिनघोर चालते.

म्हणजे माझी तक्रार गणिताबद्दल नाही. ती मांडणीबद्दल आहे.

‘प्रेडिक्ट’ हा रुक्ष प्रोग्राम. चित्र नाही, नुसती अक्षरे आणि आकडे. उपग्रहाची दिशा आणि उन्नतांश बोलून सांगण्याची सोय मात्र त्यात आहे, आणि अंधारात दोन्ही हात अँटेनेला गुंतलेले असताना तिची किंमत कळते. त्यात आपले ठिकाण भरताना मी पहिल्याच दिवशी अडखळलो. अक्षांश उत्तर विचारतो, रेखांश पश्चिम! यवतमाळ पूर्व रेखांश ७८.१२ वर, म्हणून उणे ७८.१२ लिहावे लागले. न लिहिले तर तुम्ही अटलांटिक महासागराच्या पलीकडे जाता. पूर्वेकडचे अंश मोजण्याची सोय वेगळी द्यावी लागते. हे कोणी खोडसाळपणे केलेले नाही. अमेरिकेतल्या माणसाने आपल्या अंगणात उभे राहून लिहिले, एवढेच. आमच्या ग्रंथकारांनीही लंका–उज्जयिनीच्या रेषेवर उभे राहून लिहिले आणि बाकीच्यांना देशांतर संस्कार करायला लावला. यवतमाळला तो साडेनऊ मिनिटांचा होतो. पण उणे चिन्ह टाकताना मला आपण कुठे आहोत हे नीट कळले. ‘प्रेडिक्ट’ची उत्तरेही पंचांगाच्या पानासारखी ओळीने येतात, कागदावर छापून भिंतीला लावता येतात. जुन्या घडणीची ही ऐट मला आवडते.

‘जीप्रेडिक्ट’ देखणा. नकाशा, ध्रुवीय आकृती, याद्या, शिवाय रेडिओ आणि अँटेना फिरवणारी मोटर दोन्ही त्याच्या ताब्यात देता येतात. गाव नावाने निवडता येते. नवा माणूस अर्ध्या तासात कामाला लागतो, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण नकाशावरचे वर्तुळ पाहा. पाचशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे २,४०० किलोमीटर असते. तो यवतमाळच्या डोक्यावर असेल तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे आत. रेषा बारीक आणि ठाम. ओळी आजच्या असोत की दीड महिन्यापूर्वीच्या, रेषा तेवढीच बारीक आणि तेवढीच ठाम. त्या ओळींचा दिवस कळतो, पण त्यासाठी उपग्रहावर टिचकी मारून माहितीची खिडकी उघडावी लागते. मी वापरलेल्या आवृत्तीत तरी नकाशावर त्याचा मागमूस नव्हता. ‘हॅमसॅट’ जुलै २०१४ मध्ये कायमचा गप्प झाला. यादीत ठेवला तर त्याचेही वर्तुळ इतरांसारखेच फिरते. जिवंत आणि मेलेला यांत नकाशा पंक्तिभेद करत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोलवरची आहे. काटा हाताने फिरवणाऱ्याला पंचांगाची चूक कानाने कळते. आवाज चढ्यावरून उतरत जाताना ज्या क्षणी नेमक्या लहरसंख्येवर येतो तो उपग्रह सर्वांत जवळ असल्याचा क्षण. तो सांगितलेल्या वेळेच्या चार सेकंद आधी आला की नंतर, हे ऐकणारा सांगू शकतो. काटा प्रोग्रामच फिरवू लागला की एफएमच्या बोलण्यात उरलीसुरली चूक कानाला कळत नाही. सोय झाली, आणि वेध घेण्याची नकळत मिळणारी संधी गेली.

याची किंमत मी एकदा मोजली आहे. गावातल्या एका शाळेसाठी मी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे महिन्याभराचे वेळापत्रक काढून दिले होते. सुरेख छापले, वेळा सेकंदासकट. दुसरा आठवडा संपता संपता एका संध्याकाळी तीसेक मुले मैदानावर जमली. कागदावर सात वाजून बारा मिनिटे. सात-बारा झाले, सात-पंधरा झाले. एक पोरगी म्हणाली, “काका, फेल झालं वाटते.” मुले पांगली. सात-सतराला स्थानक वायव्येकडून निवांत वर आले. फाटकाशी रेंगाळलेल्या दोघांनी ते पाहिले, बाकीच्यांनी नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघांवर कोणी विश्वास ठेवला नाही.

झाले होते असे की मधल्या काळात स्थानकाला धक्का देऊन वर चढवले होते. वेग वाढवला म्हणजे ते लवकर यायला हवे असे वाटते. पण कक्षा मोठी होते, फेरीला जास्त वेळ लागतो, आणि ते उशिरा येते. वेगात सेकंदाला एक मीटरची भर घातली तर प्रत्येक फेरीला सुमारे दोन सेकंद वाढतात. दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या, म्हणजे अर्धे मिनिट. दहा दिवसांत पाच मिनिटे. दोष माझाच. पण मला सेकंद छापायला कोणी सांगितले? प्रोग्रामने. तिसाव्या दिवसाची वेळही त्याने पहिल्या दिवसाच्या थाटात दिली होती. पोरांच्या लेखी मी आणि कम्प्युटर दोघेही एकाच मापाने खोटे ठरलो.

यावर वाचक विचारतील, पंचांग तरी कुठे चूक किती ते छापते? बरोबर आहे. तिथीची समाप्ती आपण मिनिटापर्यंत वाचतो आणि वाद घालत नाही. पण परंपरेत याचे भान नव्हते असे नाही. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे. पुढच्या गणितज्ञांनी प्रत्यक्ष आकाश पाहून, फरक जोखून नवी गणिते करावीत असे त्यांनी लिहून ठेवल्याचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आपल्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात दाखवून देतात. या फरकाच्या दुरुस्तीला बीजसंस्कार म्हणत. मुलाने तेच केले. नंतरच्यांनी मात्र मुलाचा ग्रंथ धरून ठेवला आणि वडिलांचा सल्ला सोडला. केरूनाना छत्र्यांनी शके १७८७ पासून आकाशाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग चालवले, तेव्हा ते लोकांच्या गळी उतरवणे किती जड गेले हा इतिहास प्रसिद्ध आहे. भांडण सूत्रांचे कमी होते, आकाशाकडे बघून ग्रंथ दुरुस्त करायचा की नाही याचे जास्त होते.

माग काढणाऱ्या प्रोग्रामांवर माझा मुख्य आक्षेप याच जागी आहे. ते सांगतात भरपूर, विचारत काहीच नाहीत. उपग्रह येऊन गेला की पुढच्या ओळीवर जातात. आला का, कितीला आला, ऐकू आला का, हे भरायला रकाना नाही. वेध घेणारे दूर कुठे लष्करी तळावर, आणि आपण फक्त पंचांग वाचणारे. रडारवाल्यांपुढे आमच्या चार सेकंदांची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे शिक्षक जेफ्री पेरी यांनी विद्यार्थ्यांना घेऊन साध्या रेडिओवर रशियन उपग्रह ऐकले आणि १९६६ मध्ये प्लेसेत्स्क हे जाहीर न झालेले उड्डाणस्थळ हुडकून काढले. वेळा टिपण्याची शिस्त एवढेच त्यांचे भांडवल. आजही एका रॉकेटवरून वीस-वीस उपग्रह एकदम सुटतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी असाच वीस जणांच्या घोळक्यात गेला. असे उड्डाण झाले की पहिल्या दिवसांत कोणता ठिपका कोणाचा हे सूचीला नीट माहीत नसते, आणि ओळख पटवायला हौशी लोकांनी टिपलेला लहरसंख्येचा चढउतार कामी येतो.

अपवाद नोंदवायला हवा. ग्रीसमध्ये सुरू झालेल्या ‘सॅटनॉग्स’ जाळ्यात प्रत्येक फेरीचे ध्वनिमुद्रण साठते आणि उपग्रह ऐकू आला की नाही याचा निवाडा त्यापुढे नोंदवला जातो. ही मला वेधशाळेची रीत वाटते. पण त्यासाठी केंद्र सतत चालू हवे, इंटरनेट हवे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते ती विचारून जात नाही.

आता पाडव्याच्या संध्याकाळकडे. माझ्या प्रोग्रामला ते रॉकेट दिसले नाही याचे साधे कारण, मी त्यात फक्त हौशी उपग्रहांची यादी भरली होती. नकाशा रिकामा होता तो माझ्या यादीपुरता, आणि मी तो आकाशापुरता समजलो. यादीत ते असते तरी काय झाले असते? वातावरणात शिरत असलेल्या वस्तूच्या पडण्याच्या वेळेत, उरलेल्या अवधीच्या वीस टक्क्यांपर्यंत चूक धरतात. दहा तास आधी सांगायचे तर दोन तास अलीकडे किंवा पलीकडे. शेवटच्या टप्प्यात एका फेरीला दीड तास. त्या चार तासांत ती वस्तू पृथ्वीला अडीच-पावणेतीन प्रदक्षिणा घालते. म्हणजे तिच्या वाटेवरचे कुठलेही गाव, लाडबोरी धरून. खरेपणाने काढायचे तर पडद्यावर वर्तुळ नको, जगाला वेढणारा पट्टा हवा. असा पट्टा काढणारा नकाशा माझ्याकडे असता तर शेजाऱ्यांना मी काय म्हटले असते? “दिसतंय, पण कुठं ते सांगता येत नाही.” त्यांचे समाधान झाले असते असे वाटत नाही. “नाही दिसलं” यापेक्षा ते उत्तर खरे होते, इतकेच.

शाळेत मी परत गेलो, पण वर्षभराने. आता कागद पाच दिवसांचाच असतो आणि सेकंद छापत नाही. वरच्या कोपऱ्यात ‘ओळींचा दिवस’ लिहितो, त्याखाली त्या दिवसाला किती तास झाले ते. शेवटचा रकाना कोरा, त्यावर नुसते ‘प्रत्यक्ष’. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे, ती दोनदा चोरीला गेली. पोरे भरतात. भिंतीवरच्या घड्याळाने भरतात, ते घड्याळ दीड मिनिट पुढे आहे हे त्यांनीच पुढे शोधून काढले, म्हणून मागच्या नोंदींतून तेवढे वजा करायचे काम सध्या नववीतल्या दोघींकडे आहे. गेल्या आठवड्याच्या कागदावर पाच ओळी होत्या. तिघींपुढे वेळा आहेत. चौथीपुढे ‘ढग’. पाचवीपुढे कोणीतरी लिहून खोडले आहे, आणि काय खोडले ते मला वाचता येत नाही.